रूट ड्राइव्ह सापडत नाही, हे नेमके कोण म्हणते आहे?

गेल्या आठवड्यात डेबियन ही लिनक्स प्रणाली चालवणाऱ्या माझ्या संगणकातील २५६ जीबीच्या जुन्या साटा एसएसडीच्या जागी एनव्हीएमई, म्हणजे वेगळ्या जोडणीचा, ड्राइव्ह बसवला. लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘डीडी’ या नक्कल करणाऱ्या आज्ञेने जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवली आणि जुनी काढून ठेवली. ग्रबचा, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू नेहमीसारखा आला, कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू झाला आणि मग अर्धा मिनिट पडद्यावर काहीच हालचाल नाही. त्यानंतर रूट डिव्हाइसची, म्हणजे प्रणालीच्या मुख्य फाइली असलेल्या विभाजनाची, वाट पाहणे सोडून दिल्याची सूचना, त्याखाली अमुक यूयूआयडी (विभाजनाचा ओळख क्रमांक) अस्तित्वात नसल्याचा इशारा आणि शेवटी ‘इनिटरॅमएफएस’ असा, बिझीबॉक्स या छोट्या आज्ञासंचाचा, प्रॉम्प्ट. इनिटरॅमएफएस म्हणजे रूट उघडेपर्यंत कर्नल मेमरीत वापरतो ती छोटी तात्पुरती फाइलप्रणाली.

अशा वेळी पहिला संशय ग्रबवर जातो. माझाही गेला, आणि ग्रब पुन्हा बसवण्यात एक तास वाया गेला. वास्तविक प्रॉम्प्ट कोणाचा आहे, एवढे पाहिले असते तरी पुरे होते. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसत असेल तर ग्रबलाच त्याचे विभाजन सापडलेले नाही. ‘अननोन ब्लॉक’ म्हणत कर्नल पॅनिक होऊन थांबला असेल, तर बहुधा इनिटरॅमएफएस चढलेलेच नाही. माझ्या बाबतीत मात्र ग्रबने कर्नल आणि इनिटरॅमएफएस ही दोन्ही त्याच नव्या ड्राइव्हवरून वाचून आपले काम चोख संपवले होते.

मग जो ड्राइव्ह ग्रबला दिसला, तो कर्नलला का दिसू नये? ग्रब डिस्क वाचतो तो मदरबोर्डच्या फर्मवेअरच्या मदतीने, तर कर्नल एकदा सुरू झाला की फर्मवेअरवर विसंबत नाही आणि त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. डेबियनमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर कर्नलच्या पोटात नसून वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतो, आणि ते मॉड्यूल रूटवर ठेवलेले असल्यामुळे, रूट उघडण्यापूर्वीच हाती यावे म्हणून, त्याची एक प्रत इनिटरॅमएफएसमध्ये असावी लागते. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशी स्थिती टाळण्यासाठीच तर ही सोय आहे.

त्याच प्रॉम्प्टवर कर्नल आपली माहिती दाखवतो त्या ‘प्रॉक’मधील ‘सीएमडीलाइन’ फाइल, म्हणजे ग्रबने कर्नलला दिलेल्या सूचना, वाचली. रूटचा यूयूआयडी बरोबर होता. डिस्क हुबेहूब उतरवलेली असल्याने तो बदलण्याचे कारणच नव्हते. ‘पार्टिशन्स’ फाइलमध्ये एकाही डिस्कची नोंद नव्हती. ‘मॉड्यूल्स’मध्ये साटासाठी लागणारे ‘एएचसीआय’ होते, ‘एनव्हीएमई’ नव्हते. रूटची वाट पाहण्याचा वेळ ठरवणारे ‘रूटडीले’ वाढवून काही होणार नव्हते, कारण वाट पाहून ड्रायव्हर उगवत नाही.

कारण माझेच होते. डेबियन बसवताना तज्ज्ञ पर्याय निवडून, जागा वाचवण्याच्या हौसेने, मी फक्त याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये घ्यायला सांगितले होते. म्हणून जुनी डिस्क पुन्हा एकटी जोडली, ‘इनिटरॅमएफएस डॉट कॉन्फ’मध्ये मॉड्यूल्सचे मूल्य ‘डेप’ (फक्त गरजेचे) असेल ते ‘मोस्ट’ (बहुतेक सगळे) करायला गेलो, तर तिथे आधीपासून ‘मोस्ट’च! काहीतरी बिघडले असेल असे समजून इनिटरॅमएफएस नव्याने बांधले, सगळी डिस्क पुन्हा उतरवली आणि पुन्हा त्याच प्रॉम्प्टसमोर येऊन बसलो. इन्स्टॉलरने माझी निवड ‘कॉन्फ डॉट डी’मधील ‘ड्रायव्हर पॉलिसी’ या फाइलमध्ये लिहिली होती आणि ती मुख्य फाइलवर मात करते. तसे त्या फाइलच्या डोक्यावरच लिहिलेले आहे, फक्त ती उघडायला हवी.

तिसऱ्या वेळी डिस्क उतरवण्याच्या फंदात पडलो नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून नव्या ड्राइव्हचे रूट माउंट केले, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ हे प्रणालीचे फोल्डर त्यात बाइंड केले (जोडून दिले), ‘सीएचरूट’ने त्या रूटच्या आत शिरून ‘ड्रायव्हर पॉलिसी’मध्ये ‘मोस्ट’ लिहिले आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ सर्व कर्नलांसाठी चालवले. रीबूट करण्यापूर्वी या वेळी ‘एलएस-इनिटरॅमएफएस’ची यादी ‘ग्रेप’मधून गाळून पाहिली, त्यात एनव्हीएमईचे मॉड्यूल दिसले. हीच तपासणी दोन दिवस आधी केली असती, तर २५६ जीबी दुसऱ्यांदा उतरवावे लागले नसते.

जुनी डिस्क सध्या खणात आहे. दोन्हींचा यूयूआयडी एकच असल्याने, ‘ट्यून-टू-एफएस’ या आज्ञेने जुनीचा यूयूआयडी बदलेपर्यंत दोन्ही डिस्का जोडून संगणक सुरू करायचा नाही, अशी चिठ्ठी तिला चिकटवली आहे.