पीव्हीरिसाइज : वाढवणं सोपं, कमी करताना खरी परीक्षा (माझा अनुभव)

सांगलीत मार्केट यार्डात एक हळदीची पेढी आहे, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. 2019 च्या पुरानंतर काकांनी, म्हणजे पेढीच्या मालकांनी, सर्व्हर वरच्या मजल्यावर घेतला. यंदा सौदे जोरात सुरू झाले आणि पट्ट्या, वजनाच्या पावत्या सगळं स्कॅन होऊन साठत गेलं, डिस्क भरत आली. काकांनी आधीच बजावलं होतं, "बंद ठेवायचं नाही हां, शेतकऱ्याची पट्टी अडकली नाही पाहिजे." म्हणजे जे करायचं ते चालू सर्व्हरवरच. सर्व्हर लिनक्सचा, डिस्कची जागा एलव्हीएम (जागा एकत्र करून हवी तशी वाटणारी लिनक्सची सोय) सांभाळतो. त्यात एलव्हीएमच्या ताब्यात दिलेल्या पार्टिशनला पीव्ही म्हणतात आणि तिचा आकार बदलायची कमांड म्हणजे पीव्हीरिसाइज.

वर्च्युअल डिस्क 100 ची 200 जीबी केली, आत रिस्कॅन केलं, एलएसबीएलकेमध्ये (डिस्क आणि पार्टिशन दाखवणारी कमांड) 200 दिसायला लागले. पण पीव्हीएस (पीव्हींचे आकडे दाखवणारी कमांड) मारलं तर तिथं जुनाच आकडा! घाबरायचं कारण नाही, मधे पार्टिशन आहे ना, ते अजून तेवढंच आहे. डिस्क, पार्टिशन, पीव्ही, व्हीजी (पीव्हींची एकत्र केलेली जागा), एलव्ही (त्यातून वापरायला काढलेला भाग) आणि सगळ्यात वर फाइलसिस्टीम अशी ही उतरंड, वाढवायचं तर खालून वर जायचं आणि प्रत्येक पायरीला आकडा बघूनच पुढं सरकायचं. आधी पार्टिशन वाढवणारं ग्रोपार्ट (इथं डिस्कचं नाव एसडीए आणि पार्टिशनचा नंबर 3 यांच्या मधे स्पेस द्यायची), मग पीव्हीरिसाइज (इथं मात्र एसडीए3 जोडून), मग व्हीजीएसमध्ये मोकळी जागा दिसली की एलव्हीएक्स्टेंडला मायनस आर लावायचा, म्हणजे फाइलसिस्टीमही त्याच कमांडमध्ये वाढते. खाली पट्ट्या निघत होत्या, कुणाला कळलंही नाही.

खरी कसोटी बॅकअपच्या मशीनवर. तिथं 1 टीबीची डिस्क, सगळी एकाच पीव्हीत, वापर निम्मा. मला पीव्ही 600 जीबीवर आणून उरलेल्या जागेत वेगळं पार्टिशन हवं होतं. मोकळी जागा भरपूर होती म्हणून एलव्हीला हात लावायची गरज नव्हती, आणि ते बरंच झालं कारण वर एक्सएफएस फाइलसिस्टीम होती, ती वाढवायला एक नंबर पण कमी करायचा नाद करू नये. तरी पीव्हीरिसाइजनं सरळ नकार दिला, 600 जीबीच्या पलीकडचे एक्स्टेंट (एलव्हीएम जागेचे पाडतो ते ठरावीक मापाचे तुकडे) वापरात आहेत म्हणून. गोदाम अर्धं रिकामं असलं तरी पोती मागच्या भिंतीला लावलेली असतील तर भिंत आत कशी घेणार, आधी पोती पुढं आणायला पाहिजेत, तसंच हे.

पीव्हीएसला सेगमेंट्सचा ऑप्शन लावला की कुठला तुकडा कुठल्या नंबरपासून सुरू होतो ते दिसतं. एक्स्टेंट डिफॉल्टनं 4 एमबीचा, म्हणजे 1 जीबीला 256 आणि 600 जीबीला 153600. थोडी जागा हेडरलाही लागते म्हणून मी हात राखून 153000 च्या नंतरचं सगळं पीव्हीमूव्हनं (एक्स्टेंट हलवणारी कमांड) सुरुवातीच्या मोकळ्या भागात आणलं. त्याच पीव्हीत हलवायचं असेल तर अलॉक एनीव्हेअर हा ऑप्शन द्यावा लागतो, नाहीतर ते ऐकत नाही. वेळ खूप लागतो, पण मधेच लाईट गेली तरी नुसतं पीव्हीमूव्ह परत मारलं की राहिलेलं काम तिथून पुढं चालू होतं, आपल्याकडं हे फार महत्त्वाचं!

मग पीव्हीरिसाइजला सेटफिजिकलव्हॉल्यूमसाइज हा ऑप्शन देऊन पीव्ही 600 वर आणली आणि व्हीजी बंद करून पार्टिशनकडं वळलो. इथं नीट ऐका. एलव्हीएमचा लहान जी 1024 च्या हिशोबात चालतो आणि पार्टेडचा (पार्टिशन बदलायचं टूल) जीबी 1000 च्या. एलव्हीएमचे 600 म्हणजे पार्टेडचे 644 च्या वर. पार्टेडला नुसतं 600 जीबी सांगितलं तर पार्टिशन पीव्हीच्या आतच कापलं जाणार आणि शेपटाचा डेटा बाहेर राहणार. म्हणून पार्टेडमध्ये युनिट जीआयबी (1024 च्या हिशोबाचं) ठेवायचं आणि पार्टिशनचा शेवट थोडा पुढं घ्यायचा, मी 605 वर घेतला. नंतर साइज न देता पीव्हीरिसाइज मारलं की पीव्ही आपोआप पार्टिशनभर पसरते, मग व्हीजी परत चालू.

आणि ईटीसीमधल्या एलव्हीएमच्या फोल्डरात जो बॅकअप आपोआप पडतो तो फक्त रचनेचा असतो, पट्ट्या त्यात नसतात. डेटाची कॉपी वेगळ्या डिस्कवर काढल्याशिवाय कमी करायच्या कामाला बसूच नका.