नंदवाळची वाट आणि चिकटलेली पानं

पंढरपूरला जायला रजा मिळत नाही, म्हणून आषाढी एकादशीला कोल्हापूरजवळचं आमचं प्रतिपंढरपूर, नंदवाळ. यंदा रजेचा प्रश्नच नव्हता. शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीत एक पाळी बंद झाली, तिच्यातच मी होतो. "बघू, कळवतो," एवढंच सांगितलंय. चार महिने झाले.

मिरजकर तिकटीहून पालखी निघाली. खंडोबा तालमीजवळचं उभं रिंगण दिसलंच नाही. पुढच्यांचे मोबाईल वर. एकानं माझ्या खांद्यावर कोपर टेकवून शूटिंग केलं. तोंडानं विठ्ठल विठ्ठल, मनात त्याला शिव्या.

पावसात नवं चामड्याचं कापशी पायताण घालायचा शहाणपणा माझाच. पुईखडीच्या चढाला टाचेचा फोड फुटला. कडेला दगडावर बसलो, तर गल्लीच्या ग्रुपवर मेसेज: राजाराम बंधारा, पंचगंगेचं पाणी 31 फूट. 39 ला इशारा, 43 ला धोका. आमच्याकडं पोरांना हे पाढ्यांआधी येतं.

"कापशी घालून आलाईस व्हय रं? खुळा का काय!"

म्हातारी शेजारी टेकली. पिशवीतून लुगड्याचा धडपा काढला, टर्रकन फाडला, माझं चिखलाचं पाऊल मांडीवर ओढलं. "आज्जी, नको," म्हटलं, पण ऐकतंय कोण! पट्टी गुंडाळताना तिचा हरिपाठ चालूच. मधेच "आवळलं काय?" विचारायची आणि सोडलेला शब्द नेमका धरून पुढं. मीही सूर लावला. पाळी बंद झाल्यापासून रोज तिन्हीसांजेला म्हणतोय. भक्ती किती, पांडुरंगाला ठाऊक. पण अख्ख्या दिवसात पुढं काय येणार हे तेवढ्याच वेळात माहीत असतं.

आज्जी थांबली. "एक अभंग खाल्लास की!"

"न्हाई, आज्जी. पुस्तकात असंच हाय."

"पुस्तक बदल मग."

गाठ मारून, हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवून ती दिंडीत मिसळली. तो अभंग तिच्याकडून ऐकायचा राहिला. मला जरा रागच आला, खरं सांगतो. नंतर गोल रिंगण, नंदवाळ, दर्शन. लंगडत सगळं झालं. चिखलात शाबूच्या पत्रावळ्या तुडवतच परतलो.

रात्री आईचा हरिपाठ काढला. 2019 च्या पुरात भिजलेला. बोटानं चाचपलं, तर मधलं एक पान जाड लागलं. एक नव्हे, दोन होती. चहाच्या पातेल्यावर वाफेत धरून हळूहळू सोडवली. निम्मी अक्षरं या पानावर राहिली, निम्मी उलटी होऊन त्या पानावर उमटली. चष्मा लावून, आरसा धरून जुळवत बसलो.