सकाळचा फाऊल आणि संध्याकाळचा फाऊल

गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका पूल पार्लरमध्ये एक दिवसाची एट-बॉल स्पर्धा झाली आणि तिच्यात पंचाचे काम माझ्या गळ्यात पडले. माझी पात्रता एवढीच, की वीस-एक वर्षे हा खेळ हौसेने खेळतो आहे आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये तपासणी विभागात नोकरीला असल्यामुळे ‘मोजमापातला माणूस’ अशी माझी ख्याती आहे. बत्तीस खेळाडू, तीनशे रुपये फी, चार टेबले आणि पंच एकच, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत खेळाडूंनी आपापसांत निकाल लावायचा आणि वाद झाला तरच मला हाक मारायची, असे ठरले होते.

रात्री आठच्या सुमारास उपांत्य सामना चार-चार असा बरोबरीत आला. पाच गेम जिंकणारा अंतिम फेरीत जाणार होता. एका बाजूला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, उंचीने बेताचा पण हाताने फार गोड मुलगा होता, तर दुसऱ्या बाजूला चाळिशी ओलांडलेले, वर्षानुवर्षे खेळलेले एक गृहस्थ होते. एट-बॉलमध्ये आपल्या वाट्याचे सगळे बॉल पाडून झाल्यावर शेवटी काळा पाडायचा असतो. मुलाचे सगळे बॉल संपले होते, फक्त काळा उरला होता. पांढरा, म्हणजे क्यूने (खेळायच्या काठीने) मारायचा बॉल, टेबलाच्या अगदी मध्यावर थांबलेला असल्यामुळे त्याच्यापर्यंत हात पोचेना. टेबलाच्या कडेला रेस्ट, म्हणजे लांबच्या शॉटला क्यू टेकवायची दांडी, टांगलेली होती, पण आपल्याकडच्या पोरांना रेस्ट काढणे म्हणजे म्हाताऱ्याची काठी हाती घेतल्यासारखे वाटते. त्याने कोपऱ्यातले पॉकेट बोटाने दाखवले, पोट टेबलाच्या काठावर टेकवले, अंग लांबवले आणि शॉट मारला. काळा त्याच पॉकेटमध्ये, कडेला स्पर्शही न करता पडला. टाळ्या सुरू झाल्या. समोरचे गृहस्थ खुर्चीतून न उठता दोनच शब्द बोलले, “पंच, पाय.”

मी पाहिले होते. मुलाचे दोन्ही बूट फरशीपासून चांगले वीतभर वर होते. क्यूची टीप पांढऱ्याला लागते त्या क्षणी खेळाडूचा निदान एक पाय जमिनीला टेकलेला असलाच पाहिजे, नाहीतर तो फाऊल, आणि फाऊल शॉटवर काळा पडला तर गेम गेली, असे जागतिक नियम सांगतात आणि आमच्या स्पर्धेच्या पत्रकावरही ‘नियम जागतिक संघटनेचे’ असे छापलेले होते. मी फाऊल दिला. मुलाने एकदा स्वतःच्या बुटांकडे पाहिले, पुढे होऊन हात मिळवला आणि आपली क्यू कव्हरमध्ये घातली. त्या कव्हरची चेन ओढल्याचा आवाज साऱ्या हॉलला ऐकू आला, इतकी शांतता होती.

त्यानंतर जिन्यात, पार्किंगमध्ये आणि पुढचे आठ दिवस फोनवर मला जे ऐकावे लागले त्याचा मथितार्थ एवढाच होता, की हौशी स्पर्धेत असला काटेकोरपणा म्हणजे माणुसकी सोडणे. “अहो, वर्ल्ड कप होता काय? लेकराचा काळा सरळ पडलाय की,” असे आमच्या एका जुन्या खेळगड्याने मला सुनावले. मी त्या वेळी गप्प राहिलो, कारण माझ्या मनात काय सलते आहे ते त्याला सांगण्याइतके मलाच नीट उमगलेले नव्हते. निर्णय चुकला असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. चूक झाली होती ती सकाळी साडेनऊ वाजता.

सकाळी पहिल्या फेरीत याच मुलाने, याच पद्धतीने, दोन वेळा पाय उचलून शॉट मारले होते. मी चहाचा ग्लास हातात घेऊन शेजारच्याच टेबलापाशी उभा होतो. पोरगे आहे, उंची कमी आहे, समोरचाही काही म्हणत नाही, मग मी कशाला मध्ये पडू, असा विचार करून मी दुसरीकडे पाहिले. त्या वेळी फाऊल दिला असता तर त्याचे काय गेले असते? प्रतिस्पर्ध्याला बॉल इन हँड मिळाला असता, म्हणजे पांढरा हव्या त्या जागी ठेवून खेळायची मुभा, फार तर एक गेम गेली असती, आणि पुढच्या लांबच्या शॉटला त्याने मुकाट्याने रेस्ट काढली असती. म्हणजे सकाळी एका बॉलवर भागला असता तो धडा माझ्या दयाळूपणामुळे संध्याकाळी त्याला अख्ख्या सामन्याच्या भावाने पडला. मी त्याला सूट दिली असे मला वाटत होते, प्रत्यक्षात मी त्याला उधारीवर ठेवले होते.

माझ्या धंद्यातले उदाहरण देतो, कारण मला दुसरे सुचत नाही. जॉबच्या, म्हणजे मशिनवर घडवायच्या भागाच्या, ड्रॉइंगवर टॉलरन्स छापलेला असतो, अमुक माप, त्याच्या वर-खाली इतके चालेल, आणि तो जॉब मशिनला लागण्याआधी ऑपरेटरला ठाऊक असतो. समजा, पाळीच्या पहिल्या पीसला मी गेज लावला नाही, ‘जाऊ दे, ठीक आहे’ म्हटले, आणि पाचशे पीस झाल्यावर व्हर्निअर काढून सगळे बाद केले, तर मी कडक इन्स्पेक्टर ठरत नाही, मी बेजबाबदार इन्स्पेक्टर ठरतो. शेवटच्या पीसला नापास करणे चूक नसते. तो पीस खरोखरच मापाबाहेर असतो. पण ऑपरेटर माझ्याकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर त्याने का रोखली, हे मला कळते.

आता त्या दुसऱ्या गृहस्थांविषयी. स्पर्धा संपल्यावर खाली चहाच्या गाड्यावर ते भेटले आणि मोकळेपणाने म्हणाले, “सकाळपासनं बघत होतो मी त्येचे पाय. पण तवा माझी काय गरज नव्हती.” सकाळी त्यांचा त्या मुलाशी सामनाच नव्हता, त्यामुळे ते गप्प राहिले यात गैर काही नाही, कारण फाऊल मागायचा अधिकार पंचाला किंवा समोरच्या खेळाडूला असतो, बघ्याला नव्हे. परंतु उपांत्य सामन्यातही दुसऱ्या आणि पाचव्या गेममध्ये मुलाचे पाय उचलले गेले होते आणि ते बोलले नव्हते. (तेव्हा मी काय करत होतो? दुसऱ्या गेमच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा वाद सोडवत होतो आणि पाचव्या गेमच्या वेळी पाहूनही गप्प होतो.) नियम असा आहे, की पुढचा शॉट होण्याआधी फाऊल मागितला नाही तर तो फाऊल घडलाच नाही असे धरले जाते. त्यामुळे आधीचे सगळे पाय नियमाने माफ झाले आणि शेवटचा तेवढा उरला. गृहस्थांनी नियम मोडला नाही. त्यांनी नियम खिशात जपून ठेवला आणि तो सगळ्यात महाग विकला जाईल अशा वेळी बाहेर काढला. याला मी खिलाडूवृत्ती म्हणणार नाही, पण याला बंदी घालणारे कलमही मला सापडत नाही, आणि खरे सांगायचे तर सापडू नये असेच वाटते, कारण खेळाडूच्या मनातला हेतू तपासायला पंच निघाला तर त्याला गेज कोणता लावायचा?

या खेळात हा प्रश्न इतका अवघड का होतो, याचा विचार करताना मला आमचे खासबाग कुस्ती मैदान आठवते. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेले आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले ते मैदान असे खोलगट आहे, की कुठल्याही कोपऱ्यात बसलेल्या माणसाला कुस्तीचा हौदा सरळ दिसतो. निकाली कुस्तीत पाठ मातीला लागली की हजारो माणसांना एकाच वेळी निकाल कळतो, पंचाचा हात नंतर वर होतो. पूलमध्ये याच्या अगदी उलट असते. पांढरा आणि समोरचा बॉल यांच्यात बोटभर अंतर असताना क्यू पांढऱ्याला एकदाऐवजी दोनदा लागली, हे पापणी लवायच्या आत घडते. पांढरा त्या दुसऱ्या बॉलच्या मागोमाग जवळपास त्याच वेगाने धावत गेला तर जाणकाराला संशय येतो, एवढेच. निशाणा घेताना टीप पांढऱ्याला नकळत चाटून गेली, तर ते खेळणाऱ्याच्या बोटांखेरीज कुणालाच समजत नाही. म्हणजे इथे पहिला साक्षीदार स्वतः आरोपीच असतो.

मी त्या साक्षीत एकदा नापास झालो आहे. पंचविशीत असताना, ‘हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे’ अशा एका साध्या गेममध्ये माझ्या क्यूची टीप शॉटआधीच पांढऱ्याला लागली होती. पांढरा हलला नाही, नुसता जागच्या जागी थरारला. समोरचा मित्र मोबाइलमध्ये बघत होता. मी शॉट मारला, गेम जिंकली आणि टेबलाचे शंभर-सव्वाशे रुपये त्याने भरले. ती रक्कम मी नंतर कितीतरी वेळा त्याला चहा-मिसळीच्या रूपाने परत केली असेन, पण कशाबद्दल ते अजून सांगितलेले नाही.

त्या स्पर्धेतल्याच पहिल्या फेरीतला एक प्रसंग याच्या शेजारी ठेवावासा वाटतो. एक निवृत्त गृहस्थ, ज्यांची सगळी हयात क्लबातल्या बारा फुटी टेबलावर स्नूकर खेळण्यात गेली, ते शॉट घेताना त्यांच्या स्वेटरची बाही एका बॉलला लागून तो जरासा सरकला. त्यांनी लगेच क्यू खाली ठेवली आणि “फाऊल” म्हणून जाहीर केले. कुणीही पाहिले नव्हते. स्नूकरमध्ये कुठल्याही बॉलला असा स्पर्श झाला की फाऊल होतो आणि तो खेळाडूने आपणहून सांगावा अशी अपेक्षा असते, त्यामुळे हे त्यांच्या अंगवळणीच पडलेले होते. पण आमच्या स्पर्धेत टेबलागणिक पंच नसल्यामुळे ‘फक्त पांढऱ्याचा फाऊल’ हा नियम लावलेला होता. त्यात दुसरा बॉल चुकून हलला तर फाऊल होत नाही, तो जिथे सरकला तिथेच राहू द्यायचा की मूळ जागी ठेवायचा, हे प्रतिस्पर्धी ठरवतो. समोरच्या कॉलेजच्या पोराने वाकून पाहिले आणि म्हणाला, “राहू दे काका, आहे तिथंच असू दे.” दोघांनीही मला हाक मारली नाही.

हा नियम मला फार आवडतो. आमच्याकडे मापाबाहेर गेलेला पीस कधीकधी ग्राहक स्वतःच्या सहीने स्वीकारतो, त्याला डेव्हिएशन म्हणतात, आणि ती सही करण्याचा अधिकार इन्स्पेक्टरला अजिबात नसतो. उदार होण्याचा हक्क ज्याचे नुकसान होणार आहे त्याचा असतो. त्या पोराने जे केले ते त्याच्या अधिकारातले होते, मी सकाळी चहाचा ग्लास घेऊन जे केले ते माझ्या अधिकारातले नव्हते. पंचाने दाखवलेल्या दयेचे बिल नेहमी तिसऱ्याच माणसाच्या नावावर फाटते.

नियम लिहिणारी माणसे आपण समजतो तितकी कोरडी नसतात, हेही या निमित्ताने पुन्हा वाचताना ध्यानात आले. नाइन-बॉल या पूलच्याच दुसऱ्या प्रकारात लागोपाठ तीन फाऊल झाले की गेम जाते, पण दुसरा फाऊल झाल्यानंतर आणि तिसरा शॉट होण्याआधी खेळाडूला ‘तुझे दोन झाले’ असे सांगावे लागते. सांगितले नसेल तर तिसऱ्या फाऊलवर गेम घेता येत नाही. शिक्षा जबर असल्यामुळे तिच्याआधी सूचना सक्तीची केली आहे. पाय उचलण्याच्या नियमात अशी सूचना नाही, कारण एरवी त्याची शिक्षा लहान आहे. काळ्यावर मात्र तीच शिक्षा मोठी होते, आणि तेवढी फट आमच्यासारख्या संयोजकांनी स्वतः भरून काढायला हवी होती. पत्रकावर बारीक अक्षरांत ‘नियम जागतिक संघटनेचे’ असे छापून ती भरत नाही. आमच्या पार्लरांत ब्रेकवर, म्हणजे गेमच्या पहिल्याच शॉटवर, काळा पडला तर काही ठिकाणी गेम जिंकली असे धरतात, तर जागतिक नियमांप्रमाणे काळा पुन्हा जागेवर ठेवून पुढे खेळायचे किंवा नव्याने ब्रेक करायचा असतो. बत्तीसांपैकी किती जणांनी ते पत्रक वाचले होते, हे मी त्या दिवशी एकालाही विचारले नव्हते.

मार्चमध्ये त्याच पार्लरमध्ये पुन्हा स्पर्धा झाली. या वेळी मी दोन अटी घातल्या. एक, माझ्याबरोबर आणखी दोन पंच द्यावेत. दुसरी, सुरुवातीला अर्धा तास सगळ्यांना टेबलाभोवती उभे करून नियम वाचून नव्हे, तर करून दाखवायचे. मग मी स्वतः टेबलावर आडवा होऊन पाय उचलले, लोक हसले. दोन बॉल जवळजवळ ठेवून दोनदा लागणारी क्यू कशी ओळखायची ते दाखवले आणि असा शॉट समोर आला तर तो मारण्याआधी पंचाला बघायला बोलवा, मारल्यावर भांडू नका, असे सांगितले. “काय राव, शाळा घेतलीया,” असे मागून कुणीतरी म्हणाले.

पहिली गेम सुरू होऊन पाच मिनिटेही झाली नव्हती. हॉल अर्धा रिकामा होता, शटर नुकतेच वर गेले होते, कोपऱ्यातल्या उदबत्तीचा धूर अजून हवेत होता. तोच इंजिनिअरिंगचा मुलगा तीन नंबरच्या टेबलावर वाकला, लांबचा शॉट होता, आणि सवयीने त्याचे पाय उचलले गेले. बॉल पडला. समोरचा खेळाडू काही बोलला नाही. मी चहाचा ग्लास खिडकीत ठेवला, पुढे गेलो आणि फाऊल दिला.

तो सरळ उभा राहिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “सकाळी सकाळीच व्हय काका?”

“सकाळीच,” मी म्हणालो आणि पांढरा उचलून समोरच्याच्या हातात दिला.