अंक टेबलावर उघडला पाहिजे: सोलापुरात रोल-प्लेइंगचा मराठी अंक काढताना

‘तुम्हाला अंकात काय हवं?’ असं विचारलं की माणसं चांगली दिसतील अशी उत्तरं देतात. ‘मागच्या सेशनला तुम्ही काय वापरलं आणि ते कुठून उचललं?’ असं विचारलं की खरं सांगतात. आमच्या सोलापूरच्या गटानं टेबलटॉप रोल-प्लेइंगसाठी मराठीत एक छोटा अंक काढायचं ठरवलं आणि संपादन माझ्याकडे आलं. तेव्हा मी पहिला प्रश्न बाजूला ठेवला आणि दुसराच प्रश्न सगळ्यांना विचारत सुटले.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गेम मास्टर असतो, तो प्रसंग सांगतो. बाकीचे आपापलं पात्र चालवतात, आणि जिथे निकाल नक्की नसतो तिथे फासा पडतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला छापील खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी आणला. आम्ही जुळे सोलापुरात एका मैत्रिणीच्या घरी रविवारी खेळतो. गटात इंजिनिअरिंगची मुलं आहेत, बँकेतले दोघं आहेत, शाळेत शिकवणाऱ्या एक ताई आहेत, आणि घरचा टॉवेलचा कारखाना सांभाळणारा एक मित्र आहे. घरी कुणी कन्नड बोलतं, कुणी तेलुगू, कुणी दखनी, आणि टेबलावर सगळे सोलापुरी मराठी. रूलबुकं मात्र सगळी इंग्रजी. त्यामुळे गेम मास्टर मनातल्या मनात भाषांतर करत खेळ चालवतो, आणि संध्याकाळच्या शेवटी दमून जातो.

मी प्रत्येकाशी वेगवेगळं बोलले. खेळ संपल्यावर जिन्यात उभं राहून बोलले, नोकरीसाठी पुण्याला गेलेल्यांशी फोनवर बोलले, आणि फक्त ऐकायला बसणाऱ्या घरच्या मंडळींशीही बोलले. या बोलण्यातून एक गोष्ट लवकर स्पष्ट झाली. वाचक एकच नाही. गेम मास्टरला एक हवं असतं, खेळाडूला दुसरं, आणि ज्याचं खेळणं सुटलंय त्याला तिसरंच.

गेम मास्टरची अडचण वेळेची असते. रविवारी दुपारी खेळ असतो आणि तयारीला शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर बसायचं असतं. त्याला खेळाच्या तत्त्वज्ञानावरचा लेख नको असतो. एका संध्याकाळीत संपेल असं साहस, म्हणजे खेळायला तयार रचलेली गोष्ट, हवं असतं, नकाशासकट. तिथल्या प्रत्येक शत्रूचे आकडे त्याच पानावर हवे असतात: हिट पॉइंट, म्हणजे तो किती मार सोसतो, आणि आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागायला फाशावर किती यावे लागतात. आमच्यातला एक जण मला म्हणाला, “गोब्लिनचे हिट पॉइंट सात आणि आर्मर क्लास पंधरा, एवढं बघायला मी मागची पानं उलटत बसायचं का बे? तोवर पोरं मोबाईल काढायलेत.” हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

खेळाडूंना आपल्या पात्रासाठी नवं काहीतरी हवं होतं आणि अवघड नियम सोप्या मराठीत हवे होते. त्याहून जास्त त्यांना आपल्या गटात घडलेलं छापून आलेलं बघायचं होतं. पुण्याला गेलेल्यांचं वेगळं होतं. हिंजवडीत रोजचं काम, महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी, गट तुटलेला. त्यांना अंक खेळण्यासाठी नकोच होता, वाचण्यासाठी हवा होता. एक साहस वाचायचं आणि आपण चालवलं असतं तर कसं चालवलं असतं ते मनात बघायचं. छंदाच्या नियतकालिकाचे बरेच वाचक असेच असतात असं मला आता वाटतं, आणि त्यांना कमी लेखणं चूक आहे. खेळ परत सुरू होईपर्यंत त्यांचा हात सुटत नाही तो अशा वाचनामुळेच.

मग जुनी मासिकं काय करत होती ते मी पाहिलं. ‘ड्रॅगन’ हे मासिक जून १९७६ मध्ये सुरू झालं आणि त्यात सगळ्यांसाठी सगळं होतं: नियम, लेख, कथा, पत्रं. ‘ड्रॅगन’ काढणाऱ्या कंपनीनंच १९८६ मध्ये ‘डन्जन’ हे वेगळं नियतकालिक काढलं, आणि त्यात मुख्यत्वे तयार साहसंच असायची. म्हणजे गेम मास्टर हा स्वतंत्र वाचक आहे, त्याची गरज स्वतंत्र आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. दोन्हींची छापील आवृत्ती २००७ साली थांबली. इंग्लंडमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइट ड्वार्फ’मध्ये ‘फीन्ड फॅक्टरी’ नावाचं सदर होतं. त्यात वाचकांनी पाठवलेले राक्षस छापले जायचे आणि त्यातले बरेचसे १९८१ साली ‘फीन्ड फोलिओ’ या पुस्तकात गेले. पुढे हेच मासिक फक्त आपल्या कंपनीच्या खेळांपुरतं उरलं.

मला सगळ्यांत जवळचं वाटलं ते ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी ते १९७५ साली सुरू केलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. लिहिणारे आपापली पानं पाठवायचे, ती एकत्र बांधली जायची, आणि पुढच्या अंकात सगळे एकमेकांच्या लिखाणावर लिहायचे. तिथे वाचक आणि लेखक वेगळे नव्हतेच. सोलापूरएवढ्या गावात, जिथे खेळणारे एकमेकांना तोंडानं ओळखतात, तिथे मला हाच रस्ता योग्य वाटला.

एक अडसर कायद्याचा होता. इंग्रजी नियमांतला मजकूर मराठीत छापायचा तर परवानगी लागते. जानेवारी २०२३ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, ज्याला एसआरडी ५.१ म्हणतात, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला झाला. श्रेय नीट दिलं की त्यातले नियम आणि राक्षस कुणालाही वापरता येतात, भाषांतरही करता येतं. पूर्ण रूलबुक मात्र खुलं नाही, फक्त त्या संचातलं आहे तेवढंच. म्हणून प्रत्येक राक्षस घेताना तो त्या संचात आहे की नाही हे मी तपासलं, आणि श्रेयाची ओळ दुसऱ्या पानावर छापली. अंक काढणाऱ्या कुणालाही मी हे आधी सांगेन.

आता साहस. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि या शहराची वाढ गिरण्यांच्या भोंग्यावर झाली. आमच्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते. म्हणून आमचं पहिलं साहस एका काल्पनिक बंद गिरणीत घडतं. बरीच वर्षं विझलेल्या चिमणीतून रात्री धूर येतो आणि सकाळी मागावर अर्धी विणलेली चादर सापडते. त्या चादरीच्या नक्षीत नकाशा आहे. कारखानेवाल्या मित्रानं ताणा-बाण्याचे तपशील दुरुस्त केले, कांडी कुठे असते, माग थांबल्यावर कसा आवाज येतो ते सांगितलं. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं गावभर आहेत, त्यावर मोठी मोहीम रचावी असंही एकानं सुचवलं. रचना म्हणून ती सुंदर झाली असती. पण एका खेळाडूच्या आई म्हणाल्या, “नंदीध्वज आमच्या दारावरून जातात बाळ, ते फाशांवर नको.” नंदीध्वज म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत मिरवणुकीनं निघणारे ध्वज. मला ते पटलं. ज्याची रोज पूजा होते ते खेळात घ्यायचं नाही, हा आमच्या अंकाचा नियम झाला. वाचकाला काय हवंय याइतकंच काय नकोय हेही विचारावं लागतं.

साहस लिहून झाल्यावर मी ते स्वतः चालवलं नाही. लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, त्यामुळे तो कागदावर नसलेलंही बोलून जातो. मी पानं ताईंच्या हातात दिली आणि वही घेऊन कोपऱ्यात बसले. एकही शब्द बोलायचा नाही एवढंच ठरवलं होतं. ताई कुठे थांबतात, कुठे पान मागे उलटतात, कुठे माझ्याकडे बघतात, तेवढी खूण करत गेले. या एका संध्याकाळीत जे कळलं ते इतक्या बोलण्यातूनही कळलं नव्हतं.

मोठ्यानं वाचून दाखवायचा मजकूर तीन ओळींपुढे गेला की खेळाडूंचं लक्ष सुटतं. पुस्तकी वाक्य जिभेवर अडखळतं. ताईंनी माझं ‘जीर्ण वास्तूच्या अंतर्भागात’ सोडून सरळ ‘आत गेलात की’ म्हटलं, आणि मी तेच ठेवलं. दुसरी गोष्ट फाशाची होती. चादरीतला नकाशा ओळखण्यासाठी एकदाच फासा टाकायचा आणि पंधरा आणायचे, असं लिहिलं होतं. वीस बाजूंच्या फाशावर, काही बोनस (पात्राच्या कौशल्यामुळे फाशात मिळवायचा आकडा) नसेल तर पंधरा किंवा जास्त यायची शक्यता ३० टक्के, आणि चांगला +५ बोनस असला तरी ५५ टक्केच. म्हणजे निम्म्या टेबलांवर गोष्ट तिथेच अडणार. आता नकाशा सगळ्यांनाच दिसतो. फासा फक्त हे ठरवतो की तो ओळखेपर्यंत पहारेकरी किती जवळ आला. पुढच्या सगळ्या साहसांसाठी हा धडा मी नियम म्हणून लिहून ठेवलाय: गोष्ट पुढे नेणारी माहिती फाशाच्या आड ठेवायची नाही.

यादृच्छिक प्रसंगांच्या तक्त्याचंही तसंच. दोन सहाबाजूंचे फासे टाकले तर सात सगळ्यांत जास्त वेळा येतात, ३६ पैकी ६ वेळा. दोन आणि बारा एकेकदाच. म्हणून रोज घडू शकेल ते सातवर आणि अचाट ते टोकांना. असे तक्ते करताना वेळ जातो, पण गेम मास्टर अंक विकत घेतो तो नेमका तो वेळ वाचावा म्हणून.

छपाईला नवी पेठेतल्या एका प्रेसवर गेले. ए-५ आकार, मधोमध पिन, २४ पानं. पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून शेवटचा एक लेख कापला. प्रेसवाले काका म्हणाले, “आत आर्ट पेपर घ्या, उठून दिसेल.” पण गुळगुळीत कागदावर पेन्सिल चालत नाही, आणि गेम मास्टर हिट पॉइंट पानावरच खोडत असतो. आतला कागद साधा मॅपलिथो घेतला. नकाशा अगदी मधल्या जोडपानावर घेतला, पिन उचकटली की आख्खा बाहेर येतो. तो रंगीत केला नाही, कारण वाचक त्याची झेरॉक्स काढणार हे मला माहीत होतं आणि रंगीत नकाशाची झेरॉक्स काळी पडते. अंक संक्रांतीच्या आत आला पाहिजे एवढाच माझा हट्ट होता. गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धरामेश्वर यात्रेला, पुण्यातली मंडळी घरी येतात, तेव्हाच तो त्यांच्या हातात पडावा.

मग परत तोच प्रश्न: काय वापरलं? सगळ्यांत जास्त वापरलं गेलं ते अर्ध्या पानाचं नावांचं कोष्टक. वीस ओळी, फासा टाका आणि नाव घ्या: बसप्पा, नरसम्मा, मल्लिनाथ, व्यंकटेश, मेहबूब, अंबुबाई. पूर्वी खेळाडूंनी “या पानवाल्याचं नाव काय?” असं विचारलं की गेम मास्टर अडखळायचा आणि कुठलंतरी इंग्रजी नाव सांगायचा. आता तो पानवाला सोलापूरचा वाटतो, आणि खेळाडू त्याच्याशी घासाघीस करत बसतात, त्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करतात. दोन गेम मास्टरांनी ते अर्धं पान कापून, खेळताना समोर उभा करतात त्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. मोठ्या लेखांपेक्षा या कोष्टकानं मला जास्त आनंद दिला.

पुण्याहून आलेल्या निरोपांत गटांचे वृत्तांत मागितले होते. वृत्तांत छापायचे, पण सगळी संध्याकाळ क्रमानं सांगितली की ती परक्याला कंटाळवाणी होते. पेच काय होता, कुणी काय ठरवलं, फासा काय पडला आणि त्यामुळे काय बदललं, एवढंच घ्यायचं ठरलंय, एक पान. ताईंनी शाळेच्या एका तासात बसेल असं, मारामारी नसलेलं साहस मागितलंय. ते त्याच लिहितायत. परीक्षणांची मागणीही खूप आहे, आणि ती रास्त आहे, कारण बाहेरून मागवलेलं रूलबुक महाग पडतं. आमच्याकडे परीक्षण तोच लिहील ज्यानं तो खेळ टेबलावर खेळलाय. मूळ नियम फुकट मिळतात का, किती जण लागतात, एका बैठकीत होतो का, हे आधी सांगायचं. चित्रं सुंदर आहेत हे नंतर.

दुसऱ्या अंकातलं मुख्य साहस इंजिनिअरिंगच्या मुलांनी भुईकोट किल्ल्यावरून सुचलेल्या एका किल्ल्यात मांडलंय: दुहेरी तटबंदी, एका अंगाला तलाव, बाकीच्या बाजूंना खंदक. आत जायच्या वाटा किती आणि प्रत्येक वाटेची किंमत काय, हाच सगळा खेळ. सध्या ती पानं एका नव्या गेम मास्टरकडे आहेत. येत्या रविवारी तो ती चालवणार, आणि लिहिणारी मुलं कोपऱ्यात वही घेऊन बसणार. बाहेरून कुणाला साहस पाठवायचं असेल तर अट एवढीच आहे: दोन जोडपानांत बसलं पाहिजे, आणि लिहिणाऱ्यानं सोडून दुसऱ्या कुणीतरी ते एकदा चालवलेलं असलं पाहिजे.