भारीतली हत्यारं कुठे, स्वस्तातली कुठे: गॅरेज टाकतानाचा माझा अनुभव

नाशिकच्या सातपूरला दुचाकीचं स्वतःचं गॅरेज टाकायचं ठरलं, तेव्हा हत्यारांसाठी बाजूला काढलेले पैसे बेताचेच होते. सगळंच भारीतलं परवडणार नव्हतं आणि सगळंच स्वस्तातलं घ्यायला मन धजेना. म्हणून मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जाण्याआधी एक गोष्ट पक्की केली. जे हत्यार घसरलं तर गिऱ्हाइकाच्या गाडीचं नुकसान होईल, तिथे हात आखडायचा नाही.

पहिला नंबर गोट्यांचा, म्हणजे नट-बोल्टच्या माथ्यावर चढवून फिरवायच्या सॉकेटचा. ८, १०, १२, १४, १७ मिलिमीटर या मापांवर दुचाकीचं बरंचसं काम निघतं. खिशात १०चा बोल्ट घेऊनच गेलो आणि दुकानात एकेक गोटी त्याच्यावर चढवून हलवून पाहिली. स्वस्त सेटमधली खडखडत होती. एवढी ढिली गोटी जोर बोल्टच्या कोपऱ्यांवर टाकते आणि माथा गोल करते. चांगल्या गोटीची आतली घडण अशी असते की जोर सपाट बाजूंवर येतो. बारा कोनी सोडून सहा कोनीच घेतल्या; सायलेन्सरच्या गंजलेल्या नटावर हा फरक हाताला लगेच कळतो.

रॅचेट, म्हणजे गोटी लावून फिरवायचा एकाच दिशेने पकडणारा दांडा, तोही भारीतलाच. २४ दातांचं रॅचेट पुढचा दात पकडायला १५ अंश फिरवावं लागतं, ७२ दातांच्याला ५ अंश पुरतात. स्कूटरच्या फायबरमागे हात जेमतेम शिरतो, तिथे याची किंमत वसूल होते.

जुन्या स्प्लेंडरच्या कार्ब्युरेटरवर जपानी घडणीचे फुलीचे स्क्रू असतात. साधा फुलीचा (फिलिप्स) स्क्रू ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही, वर उचलला जातो. त्यासाठी व्हेसल कंपनीचा जपानी स्क्रू ड्रायव्हर मागवला. इंजिनच्या ॲल्युमिनियममधले आटे गेले की दुरुस्ती महागात जाते, म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच बोल्ट आवळायचा पाना, तोही चांगलाच घेतला. काम झालं की त्याचं सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतो, म्हणजे आतली स्प्रिंग ताणात राहत नाही.

पक्कड, रिंग पाने, डबल एंड पाने मात्र टापरियाचे. कारखाना आमच्या सातपूरचाच, आणि त्या किमतीत इतकं टिकाऊ काम मिळतं याचा मला अभिमान आहे. हातोडी, छिन्नी जवळच्या हार्डवेअरमधून. स्नॅप-ऑन या महागड्या अमेरिकन कंपनीच्या हत्यारांचा मोह झाला होता. पण अमेरिकेत त्यांची व्हॅन गॅरेजच्या दारात येते, तुटलेलं हत्यार तिथेच बदलून मिळतं. माझ्या गल्लीत ती येत नाही, मग त्या सोयीचे पैसे मी का मोजू?

आता इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत नट-बोल्ट फिरवणारं यंत्र, घ्यायची आहे. तिच्यासाठी काळ्या, क्रोम-मॉली पोलादाच्या गोट्या वेगळ्या घेणार. चकचकीत क्रोम व्हॅनेडियमच्या गोट्या गनच्या ठोक्यांनी तडकतात आणि तुकडा थेट डोळ्यात जाऊ शकतो.