लिंचची वही: ‘मलहॉलंड ड्राइव्ह’, या वेळी कानांनी

या पावसाळ्यात फक्त डेव्हिड लिंच या अमेरिकन दिग्दर्शकाचे सिनेमे पाहायचे, असं आम्ही चार जणांनी ठरवलं होतं आणि ते बऱ्यापैकी पाळलं. जागा नेहमीचीच, कोल्हापुरात राजारामपुरीतली माडीवरची खोली. प्रोजेक्टर, दोन चांगले स्पीकर आणि खिडक्यांना जाड चादरी. लिंच जानेवारी २०२५ मध्ये गेला, तेव्हापासून त्याचं सगळं काम एकदा सलग पाहायचं मनात होतं.

सुरुवात ‘इरेझरहेड’पासून (१९७७). हा त्याचा पहिला मोठा सिनेमा. पैसे संपत, काम थांबे, पुन्हा सुरू होई, अशी त्याची कित्येक वर्षं गेली. लिंच आणि ॲलन स्प्लेट यांनी मिळून केलेला त्याचा ध्वनी म्हणजे अखंड घुमणारी यंत्रं, वाफ, वारा. आमच्यातला एक जण उद्यमनगरात फौंड्रीत कामाला आहे. त्याला गोष्ट काय आहे याची फिकीरच नव्हती. दहा मिनिटांत तो म्हणाला, “ह्यो आवाज माझ्या वळकीचा हाय. रातपाळीला भट्टी चालू असली की असाच घुमतोय. कानात न्हाई, छातीत.” लिंच चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून फिलाडेल्फियात राहिला, तो भाग कारखान्यांचाच होता. सिनेमातलं ते विचित्र बाळ कुणाचं, रेडिएटरमध्ये (खोली गरम ठेवायच्या यंत्रात) दिसणारी बाई कोण, यावर आम्ही नंतर तासभर बोललो. पण सिनेमाच्या सगळ्यात जवळ पोचला होता तो फौंड्रीवाला.

तिथून आमचा नियम ठरला. पहिल्यांदा पाहताना वही बंद, लक्ष आवाजावर. अर्थाचं नंतर.

‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१) आम्ही सगळ्यांनी आधी पाहिलेला होता, त्याचा प्रचलित अर्थही माहीत होता. पहिले जवळजवळ दोन तास हे डायेन या अपयशी नटीचं स्वप्न, त्यात ती बेटी नावानं वावरते आणि तिला स्मृती गेलेली रीटा भेटते; उरलेला भाग तिचं खरं आयुष्य. पुरावे भरपूर आहेत. सुरुवातीच्या नाचानंतर कॅमेरा जड श्वासांच्या आवाजासह लाल उशीवर उतरतो, म्हणजे कुणीतरी झोपतंय. विंकीज नावाच्या हॉटेलातल्या वेट्रेसच्या बिल्ल्यावर आधी ‘डायेन’ असतं, नंतर ‘बेटी’. स्वप्नातली घरमालकीण कोको प्रत्यक्षात सिनेमातल्या दिग्दर्शक पात्राची आई निघते. हा अर्थ मला पटतो. पण एवढ्यावर थांबलं तर हाती फक्त उत्तर राहतं आणि सिनेमा निसटतो.

कानांनी पाहिल्यावर विंकीजच्या मागचा प्रसंग वेगळाच उलगडला. भर दिवस, टेबलावर नाश्ता, एक माणूस दुसऱ्याला आपलं भीतिदायक स्वप्न सांगतोय. तो सांगत असताना कॅमेरा स्थिर नाही, हलकेच तरंगतोय. मग दोघं उठून हॉटेलच्या मागे जातात, आणि आपल्याला काय दिसणार हे तो माणूस आधीच सांगून बसलाय. म्हणजे अनपेक्षित काहीच उरलेलं नाही, तरी अंगावर काटा येतो. तो कोसळल्यावर सोबत्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा दबून जातो. भीती चेहऱ्यात नाही, त्या दबलेल्या आवाजात आहे. आम्ही तो तुकडा आवाज बंद करूनही पाहिला. काहीच झालं नाही.

आणि क्लब सिलेन्सियो, बेटी आणि रीटा रात्री जातात ते नाट्यगृह. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. रंगमंचावरचा माणूस स्पष्ट सांगतो की इथे वाद्यवृंद नाही, सगळं टेपवर आहे. ट्रम्पेटवाला ट्रम्पेट तोंडापासून दूर करतो, सूर चालूच. मग रिबेका डेल रिओ येते, रॉय ऑर्बिसनचं ‘क्रायिंग’ स्पॅनिशमध्ये गाते, गाता गाता कोसळते, आणि गाणं चालूच राहतं. समोर बेटी आणि रीटा रडतायत. आपणही गलबलतो, एक मिनिटापूर्वी सगळं खोटं असल्याचं बजावून सांगितलेलं असताना.

पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला हा प्रसंग जास्त खोल कळतो, असं माझं ठाम मत आहे. ओठ एकीचे, गळा दुसरीचा, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. श्रेयनामावलीत गायिकेचं नाव वाचूनच आपण खुर्चीत बसतो आणि तरी पडद्यावरच्या बाईसाठी डोळे पुसतो. खोटं आहे हे माहीत असणं आणि खरं रडू येणं, या दोन गोष्टी आपल्यात कधी भांडल्याच नाहीत. म्हणून त्या प्रसंगात आम्हाला फसवणूक जाणवली नाही, दुःख जाणवलं. बेटीला तिथेच कळतं की आपण ज्यात आहोत ते सगळं टेपवर आहे. तिचं शरीर थरथरायला लागतं, आणि पर्समध्ये निळी पेटी सापडते ती त्यानंतर. स्वप्नाचा अर्थ वेगळा लावावा लागत नाही, तो त्या गाण्यातच आहे.

यानंतर वही उघडली. सिनेमाच्या डीव्हीडीबरोबर लिंचनं दहा सूचना दिल्या होत्या: लाल लॅम्पशेड कुठे कुठे दिसते बघा, किल्ली कोण देतं आणि का, बेटीची रूथमावशी कुठे आहे, अशा. त्या वाचून अनेकांना वाटतं की कुलूप उघडेल. माझ्या मते सूचना नजर कुठे ठेवायची एवढंच सांगतात. त्याच डीव्हीडीत प्रकरणं पाडलेली नव्हती, म्हणजे मधूनच उडी मारून पुरावे गोळा करायची सोय त्यानं ठेवलीच नव्हती. आपल्या सिनेमांचा अर्थ सांगायला तो आयुष्यभर नकार देत राहिला, आणि या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की तो नकार मला प्रेक्षकाचा मान राखणारा वाटतो.

एक वाद मिटलेला नाही. सिनेमातला एक गूढ काउबॉय त्या दिग्दर्शक पात्राला सांगतो की नीट वागलास तर मी तुला आणखी एकदा दिसेन, वाईट वागलास तर दोनदा. नंतर तो दोनदा दिसतो: डायेनच्या दारात, आणि पार्टीत मागून जाताना. पण दोन्ही वेळा पाहणारी डायेन आहे! मग ती धमकी कुणाला होती? फौंड्रीवाल्याचं म्हणणं, “ज्याचं सपान, त्यालाच सांगितलंय की.” मला हे पटतं. बाकी दोघांना नाही.

हा सिनेमा मुळात टीव्ही मालिकेचा पहिला भाग म्हणून बनला होता, हे लक्षात ठेवून पाहावं. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीनं १९९९ मध्ये तो नाकारला, मग फ्रान्सच्या पैशावर लिंचनं नवे प्रसंग चित्रित करून तो पुरा केला. अर्धवट सुटलेली टोकं मालिकेमुळे राहिली असं म्हणून काही जण हात झटकतात. पण स्वप्नात टोकं सुटलेलीच असतात. मालिकेची अडचण त्यानं स्वप्नाचा स्वभाव करून टाकली, आणि फ्रान्समधल्या कान (Cannes) चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवला (जोएल कोएनबरोबर विभागून).

लिंचला सिनेमाकडे नेलं ते चित्रानं. रात्रीच्या बागेचं चित्र काढताना त्याला पानांतून वारा ऐकू आला आणि चित्र हललं पाहिजे असं वाटलं, असं तो सांगायचा. ही वाट कोल्हापूरला परकी नाही. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर याच गावात स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमाकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ आणला. दोघांच्या सिनेमांत काहीच साम्य नाही. पण ब्रशकडून कॅमेऱ्याकडे आलेला माणूस आधी चौकट भरतो, गोष्ट नंतर. लिंचची चौकट चित्रासारखी बघितली, म्हणजे आधी रंग, मग अंधार, मग माणूस, की गोंधळ बराच कमी होतो.

मध्ये एकदा वडिलांसाठी ‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) लावला. ॲल्विन स्ट्रेट नावाच्या म्हाताऱ्यानं १९९४ मध्ये आजारी भावाला भेटायला गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवातून विस्कॉन्सिनपर्यंत सुमारे २४० मैल प्रवास केला, त्याची ही खरी गोष्ट. संथपणाचा कंटाळा येईल का, अशी मला धास्ती होती. वडील म्हणाले, “भावाला भेटाय निघालाय न्हवं? मग असंच जायाचं. मन निवळाय येळ लागतोय.” घरच्यांना लिंच दाखवायचा असेल तर इथून सुरू करा.

‘इनलँड एम्पायर’ (२००६) एकदाच झालाय. तीन तास, साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेला, पूर्ण पटकथेशिवाय. चेहरे इतके जवळून की त्वचा वाळूसारखी दिसते. लॉरा डर्नचं काम थक्क करणारं आहे, पण सिनेमा अजून माझ्या हाताला लागलेला नाही. तो तुकड्यांत पाहू नका. एका बैठकीत पाहिलं तरच तिसऱ्या तासातला थकवा कामाला येतो.

पुढच्या शनिवारी ‘लॉस्ट हायवे’ (१९९७). सुरुवातीला दाराच्या इंटरकॉमवर आलेला निरोप शेवटी कोण देतं, हे माहीत असलेल्यांनी नसलेल्यांना सांगू नये. आणि ज्यांनी पाहिलाय त्यांनी या खेपेला त्या घरातल्या अंधाऱ्या बोळाचा आवाज ऐकून ठेवा, पुढच्या नोंदीत त्यावरच बोलू.