मांडीवरचं बाळ

आज पुण्याहून मुंबईला येताना खंडाळ्याच्या घाटात शेजारच्या गाडीत पुढच्या सीटवर, आईच्या मांडीवर वर्षाचं बाळ दिसलं. पोटात गोळाच आला. करकचून ब्रेक लागला तर आईचे हात पुरे पडत नाहीत. आणि एअरबॅग उघडली तर ती आधी बाळावरच आदळते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीट सक्तीची आहे, नाहीतर १००० रुपये दंड. दंडाचं सोडा हो. बारशाला वाळे, चेन देतो ना आपण? मामा-आत्यांनी मिळून चाइल्ड सीट द्या. तान्ह्यासाठी ती मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवायची.

बहिणीच्या बाळाचं बारसं रविवारी आहे. आम्ही भावंडांनी सीटच घेतलीये.